हलणारे चित्र आणि थांबणारा विद्यार्थी

१९१२ साली विलायतेहून चित्रीकरणाचे यंत्र घेऊन परतल्यावर दादासाहेब फाळके यांच्यापुढे जो पहिला प्रश्न उभा राहिला तो कलेचा नसून भांडवलाचा होता. आणि ज्या धंद्याचे नावही येथल्या सावकाराच्या वहीत कधी चढले नव्हते त्या धंद्यासाठी कर्ज मागावयाचे, तर आधी त्याचा काही नमुना दाखविणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, यंत्र एका जागी पक्के बसविले आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीची छायाचित्रे नेमाने, थोडीथोडी घेतली. पुढे ती फीत पडद्यावर सलग फिरविली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मातीतून कोंब वर आला, पाने फुटली आणि पाहता पाहता वेल झाला. भांडवल उभे राहिले, पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्या चिमुकल्या फितीकडे शिक्षणाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. जी क्रिया निसर्गात इतक्या संथपणे चालते की रोज पाणी घालणाऱ्या माळ्यालाही ती चालू असताना दिसत नाही, ती त्या फितीने दृष्टीच्या टप्प्यात आणून ठेवली. तेथे हालचाल हाच पाठ होता. ती काढून घेतली असती तर मागे नुसती कुंडी उरली असती.

हा दाखला येथे मुद्दाम घेतला, कारण घरबसल्या संगणकावर अथवा मोबाइलवर घ्यावयाच्या अभ्यासक्रमांत आज ॲनिमेशनचा जो सुकाळ झाला आहे, त्याची पारख करताना याहून सोपी कसोटी प्रस्तुत लेखकास सुचत नाही. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’चा उपक्रम सुरू केला तेव्हा त्यातल्या चित्रफितींचे स्वरूप बव्हंशी फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्राध्यापकाचे तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे टिपून घेणे, असेच होते, पुढे २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले, खासगी कंपन्या आल्या, महासाथीच्या काळात तर शाळाच पडद्यावर आली, आणि विद्यार्थी कंटाळतात ही तक्रार सर्वत्र एकमुखाने होऊ लागली. त्या तक्रारीवर जो उतारा काढण्यात आला तो म्हणजे चित्रे हलविणे. धड्याच्या आरंभी एक दिवा उजळतो, हाती बॅग घेतलेला एक मनुष्य डावीकडून उजवीकडे चालत जातो, मुद्दे एकामागून एक उड्या मारीत पडद्यावर येतात, आणि पाठीमागे कोणतेसे वाद्य अखंड वाजत असते. या सर्व खटाटोपात वाटाण्याचा कोंब कोठे आहे, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. कंटाळा घालविणे आणि आकलन वाढविणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले झाले की दुसरे आपोआप होते हा समज अनुभवाला उतरलेला नाही.

तो का उतरलेला नाही, याचा छडा लावण्याचे काम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी बरेच चिकाटीने केले आहे. अमेरिकेत सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड मेयर हे त्यांतले अग्रणी. त्यांनी, मेरी हेगार्टी आणि आणखी काही सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगमालिकेतला एक विषय फारसा शिष्टसंमत नाही. तो होता शौचालयातल्या पाण्याच्या टाकीचा. पण या टाकीचे यंत्र मोठे बोधप्रद आहे. दांडा ओढला की आतली तबकडी वर उचलली जाते, ती पाण्याला वाकड्या नळीच्या कमानीवरून पलीकडे ढकलते, आणि एकदा कमान ओलांडली की मागचे सर्व पाणी पुढच्याच्या ओढीने आपण होऊन वाहू लागते. इकडे टाकीतली पातळी उतरते तसा तरंगणारा गोळा खाली जातो, त्याबरोबर पाणी आत सोडणारी झडप उघडते. शेवटी नळीत हवा शिरते, प्रवाह तुटतो, टाकी पुन्हा भरू लागते, गोळा वर येतो आणि झडप मिटवून टाकतो. एका गटाला हे सर्व संगणकावर, निवेदनासह, हलत्या चित्रांत दाखविले; दुसऱ्या गटाला कागदावर काही स्थिर आकृत्या आणि त्यांखाली छापील मजकूर दिला. वीज कशी चमकते, समुद्रात लाटा कशा उठतात आणि मोटारीचे ब्रेक कसे लागतात, या विषयांचेही असेच धडे केले. मग दोन्ही गटांची परीक्षा घेतली: लक्षात काय राहिले, आणि जे कळले त्याच्या आधारे नवा प्रश्न सोडविता येतो काय. काही परीक्षांत कागदवाले सरस ठरले, उरलेल्यांत बरोबरी झाली; हलत्या चित्रांची सरशी एकाही परीक्षेत झाली नाही.

यंत्रात हालचाल असूनही हे असे व्हावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचा खुलासा असा की माणसाच्या मनाची जी तात्कालिक स्मृती आहे, म्हणजे हाती घेतलेला विचार संपेपर्यंत त्याचे दुवे धरून ठेवणारी जागा, ती फार लहान आहे. तिच्यात एका वेळी चार-पाच नव्या गोष्टींहून अधिक मावत नाहीत. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८८ साली याच मर्यादेवर आपली संज्ञानात्मक भाराची उपपत्ती उभारली. हलते चित्र पुढे सरकते तेव्हा मागचे पुसून टाकीत सरकते. तबकडी उचलली गेली ते दृश्य गोळा खाली उतरेपर्यंत पडद्यावरून गेलेले असते; ते मनात धरून ठेवावयाचे, नवे पाहावयाचे आणि दोहोंचा कार्यकारणसंबंध जुळवावयाचा, ही तिन्ही कामे चित्राच्या गतीने उरकावी लागतात. कागदावरच्या आकृत्या मात्र शेजारी शेजारी बसून असतात. डोळा हवा तेव्हा मागे जातो, आणि दोन आकृत्यांच्या मधली हालचाल वाचकाला स्वतःच कल्पावी लागते. हे कल्पिणे हेच शिकणे. ॲनिमेशन ते श्रम वाचविते, आणि श्रम वाचल्याच्या समाधानालाच विद्यार्थी आकलन समजून बसतो. पाहताना सारे स्पष्ट वाटते, पडदा मिटल्यावर वहीत आकृती काढावयास बसले की पेन्सिल अडते, हा अनुभव ज्याला आलेला नाही असा विद्यार्थी विरळा.

एवढ्यावरून ॲनिमेशन निरुपयोगी आहे, असा निवाडा करणे घाईचे होईल. जर्मनीतल्या हॉफ्लर आणि लॉइटनर या दोन संशोधकांनी २००७ साली अशा २६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा पारडे एकंदरीत हलत्या चित्रांकडेच झुकलेले आढळले. पण कोठे झुकले हे पाहण्यासारखे आहे. हातांनी करावयाची कृती शिकवावयाची असेल तेथे लाभ सर्वांत ठळक होता, आणि चित्र जेथे सजावटीपुरते होते तेथे तो दिसला नाही. स्वेलर यांच्या सहकाऱ्यांनी कागदाच्या घड्या घालून आकार करण्याची जपानी कला शिकविण्याचा प्रयोग केला, त्यातही घडी घालणारे हात हलताना पाहिलेल्यांनी स्थिर चित्रे पाहिलेल्यांवर मात केली. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात सहज सापडते. उकडीच्या मोदकाला कळ्या कशा काढाव्यात हे वाचून कोणाला आजवर आलेले नाही. अंगठा पारीच्या आत राहतो, दोन बोटे बाहेरून चिमटतात आणि त्याच क्षणी दुसऱ्या तळहातावर पारी किंचित फिरते. हे फिरणे स्थिर चित्रात नेमके हरवते. नऊवारीचा कासोटा, दोरखंडाची गाठ, सलाइनची सुई लावताना परिचारिकेने सुईचा धरलेला कोन, या सर्वांची जात एकच. दुसऱ्याचे हात चालताना पाहून आपले चालविणे ही मनुष्यजातीची इतकी पुरातन विद्या आहे की तिचा भार त्या चिमुकल्या स्मृतीवर फारसा पडत नसावा, असा तर्क त्या संशोधकांनी केला आहे.

मग ज्या विषयात हात नाहीत, पण हालचाल आहे, तेथे काय करावे? येथे लगाम कोणाच्या हाती आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो. मेयर आणि चँडलर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वीज कशी पडते हे सांगणारी १४० सेकंदांची एक चित्रफीत घेतली, तिचे १६ तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक बटण ठेवले. विद्यार्थ्याने ते दाबल्याखेरीज पुढचा तुकडा सुरू होत नसे. चित्रात वा निवेदनात एका अक्षराचाही फरक केलेला नव्हता. तरीही तुकड्यातुकड्याने पाहणाऱ्यांना नवे प्रश्न अधिक चांगले सोडविता आले. थांबण्याची सोय हीच शिकण्याची सोय झाली. आपल्याकडच्या पुष्कळ ॲपांत मात्र नेमकी उलट व्यवस्था दिसते: एक धडा संपतो न संपतो तोच दुसरा आपण होऊन सुरू होतो. करमणुकीच्या मालिकांसाठी केलेली ही तजवीज शाळेच्या वेळापत्रकात कोणी घातली, देव जाणे.

मेयर यांच्याच प्रयोगशाळेतल्या आणखी एका निष्कर्षाने मनोरंजनाच्या भक्तांची थोडी निराशा होईल. विजेच्या धड्यातच, विद्यार्थ्यांचे मन रमावे म्हणून, वीज अंगावर पडलेल्या माणसांच्या सुरस हकिकती आणि चित्रे घालून पाहिली, तेव्हा हकिकती लक्षात राहिल्या आणि विजेची प्रक्रिया विसरली गेली. तसेच, चित्र चालू असता निवेदक जे बोलतो तेच शब्द अक्षरशः खाली छापून दाखविले, तर डोळ्यांची ओढाताण होऊन आकलन घटते, असेही आढळले. या दुसऱ्या नियमाला मात्र अपवाद आहेत आणि ते आपल्या देशात क्षुल्लक नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्याला, आणि ज्याला निवेदनाची भाषा अर्धवटच कळते त्याला, ती छापील ओळ हाच आधार असतो. तळच्या ओळी दाखविणे न दाखविणे पाहणाऱ्याच्या स्वाधीन ठेवले की हा तंटा मिटतो.

ॲनिमेशनवर माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र भाराचा नसून सत्यतेचा आहे. छायाचित्राला निदान समोर काही असावे लागते. रेखाटलेल्या चित्राला तेही बंधन नाही. हार्वर्ड विद्यापीठासाठी २००६ साली तयार झालेली पेशीच्या अंतरंगाची फीत हे या क्षेत्रातले एक विख्यात उदाहरण. तिच्यात कायनेसिन नावाचे प्रथिन पाठीवर भलेमोठे गाठोडे घेऊन एका नलिकेवरून पाऊल टाकीत चालले आहे, असे एक दृश्य आहे; ज्याने ते एकदा पाहिले तो ते विसरत नाही. जीवशास्त्राची गोडी लागलेल्या कित्येकांनी त्याचे ऋण मानले असेल. पण खऱ्या पेशीत इतकी मोकळी जागा नसते. तेथे रेणूंची खच्चून दाटी असते, पाण्याचे कण सर्व बाजूंनी अखंड धडका देत असतात, आणि जे पाऊल फितीत संथ व निश्चयी दिसते ते वस्तुतः या धडपडीतून, अडखळत पुढे पडलेले असते. विद्यार्थ्याच्या मनावर ठसा उमटतो तो असा, की जणू प्रत्येक रेणूला आपल्या कामाचा हुकूम मिळालेला आहे आणि तो मुकाट्याने बजावणीस निघाला आहे. पुढे २०१४ साली त्याच मंडळींनी दुसरी फीत काढून ही दाटी आणि ही थरथर दाखविली. तिच्याकडे पाहताना डोळे भिरभिरतात, आणि आपल्याला काही समजले नाही असे वाटते. त्या वाटण्यात पहिल्या फितीतल्या समाधानापेक्षा अधिक विज्ञान आहे.

ऋतूंच्या धड्यातही असाच घोटाळा वर्षानुवर्षे चालत आला आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे ठसविण्याच्या भरात चित्रकार तिला अंड्याहूनही लांबट करतो, मग त्या अंड्यावरून पृथ्वी फिरताना दाखवितो, आणि सूर्याजवळ गेली की उन्हाळा, दूर गेली की हिवाळा, अशी समजूत विद्यार्थी आपसूक करून घेतो. वस्तुतः पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर ते १५ कोटी २० लाख किलोमीटर एवढ्याच अंतरात राहते. प्रमाणशीर काढली तर ती कक्षा डोळ्यांना वर्तुळच भासेल. आणि सर्वांत जवळ ती जानेवारीच्या आरंभी असते, जेव्हा नाशिक-पुण्याकडे शेकोट्या पेटलेल्या असतात. ऋतूंचे कारण पृथ्वीच्या आसाचा कल हे आहे. स्थिर आकृतीतली अतिशयोक्ती वाचक एखादे वेळी माफ करतो. तीच हलू लागली की तिला प्रत्यक्षाचे बळ येते.

मग चांगले ॲनिमेशन कसे असते? संगणकशास्त्रातले एक उदाहरण देतो. विस्कळीत आकडे क्रमाने लावण्याच्या अनेक रीती आहेत, आणि त्या पुस्तकातून समजून घेणे विद्यार्थ्यांना जड जाते. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या रोनाल्ड बेकर यांनी ‘सॉर्टिंग आउट सॉर्टिंग’ नावाची अर्ध्या तासाची फीत काढली. तीत नऊ रीती एकेक करून दाखविल्या आणि शेवटी सर्वांची एकत्र शर्यत लावली. पुष्कळ आकडे असता कोणती रीत रखडते आणि कोणती झरकन मोकळी होते, हे तेथे वादातीत दिसते. ती फीत अनेकांना आदर्श वाटली आणि तशी शेकडो निघाली. पण २००२ साली हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी अशा २४ प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा असे निघाले, की चित्र काय दाखविते यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राचे काय करतो याला अधिक महत्त्व आहे. नुसते पाहणाऱ्याला लाभ थोडा. आता पुढे कोणता आकडा हलेल हे आधी सांगा असे ज्याला विचारले, किंवा आकडे स्वतः बदलून पाहण्याची ज्याला मुभा दिली, त्याला लाभ पुष्कळ.

याच धोरणाने भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या पडद्यावर विजेरी, तारा आणि दिवे पडलेले असतात. विद्यार्थ्याने जोडल्याखेरीज काहीही घडत नाही, आणि चुकीचे जोडले तर पडद्यावरच आग लागते. पवईच्या आयआयटीतही ‘ऑस्कर’ या नावाने अभ्यासक्रमातल्या विषयांवर संवादी ॲनिमेशनांचा एक मुक्त संग्रह उभा करण्यात आला. अशा कामात कच्चे दुवे दोन असतात. विषयाचा प्राध्यापक चित्रकाराला नुसता धडा देतो आणि मोकळा होतो. चित्रकाराला विषय ठाऊक नसल्यामुळे तो सुंदर पण अप्रस्तुत गोष्टी हलवितो. हे टाळावयाचे तर चित्रे काढण्यापूर्वी दृश्यवार संहिता लिहावी लागते, आणि तीत प्रत्येक दृश्यापुढे दोन रकाने असावे लागतात: येथे काय हलते, आणि येथे काय हलता कामा नये. दुसरा रकाना भरताना प्राध्यापकमहाशयांची खरी परीक्षा होते.

खर्चाविषयी थोडक्यात. चकचकीत ॲनिमेशन महाग पडते, आणि साधा शिक्षक त्या नावानेच हबकतो. त्याला धीर देणारी एक नोंद आहे. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एडएक्स’ या ऑनलाइन मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख अवलोकने तपासली, तेव्हा विद्यार्थी एका चित्रफितीशी साधारण सहा मिनिटांहून अधिक टिकत नाहीत असे दिसले, आणि तयार पाट्या वाचून दाखविणाऱ्या फितींपेक्षा, बोलता बोलता हाताने रेखाटत जाणाऱ्या शिक्षकाच्या फिती त्यांना अधिक वेळ धरून ठेवीत. ‘खान अकॅडमी’चे संस्थापक सलमान खान यांनी आपल्या नात्यातल्या मुलीला दुरून गणित शिकविताना हीच रीत उचलली होती. रेघ ओढली जात असताना डोळा तिच्या टोकाबरोबर जातो, आणि विचार ज्या क्रमाने करावयाचा त्याच क्रमाने आकृती उमटते. हेही ॲनिमेशनच, आणि त्याला एक कागद, एक पेन आणि मोबाइल उभा धरणारी एक दांडी एवढे पुरते.

महागड्या कामाला आणखी एक धोका असतो, तो म्हणजे अल्पायुष्याचा. दोन हजारच्या दशकात जगभरच्या शिक्षणसंस्थांनी जी संवादी चित्रे तयार केली त्यांतली असंख्य ‘फ्लॅश’ नावाच्या प्रणालीवर बेतलेली होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी तिच्या मालक कंपनीने तिचा सांभाळ थांबविला आणि पुढच्याच महिन्यात ती चित्रे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. ज्यांनी ती वेळीच नव्या खुल्या मानकात उतरवून घेतली त्यांचे काम वाचले; बाकीच्यांचे दप्तरजमा झाले.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आरंभीच ठरवून ठेवावी. पवईच्या आयआयटीचेच ‘स्पोकन ट्युटोरियल’ साधारण दहा मिनिटांच्या धड्यांतून संगणकाच्या मुक्त प्रणाली शिकविते, विद्यार्थ्याने शेजारच्या चौकटीत स्वतः करून पाहत जावे अशी अपेक्षा ठेवते, आणि त्याच चित्रांवर मराठीसह अनेक भारतीय भाषांतले निवेदन चढविते. परक्या भाषेतल्या निवेदनावर बेतलेल्या चित्राला असे मराठी निवेदन जोडताना अडचण येते ती वेळेची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, शिवाय कारण आधी आणि कार्य मागून सांगण्याकडे मराठीचा कल असतो. त्यामुळे टाकीतली पातळी उतरल्याचे निवेदक सांगत असतो तोवर पडद्यावर झडप उघडून मोकळी झालेली असते, आणि शब्द व दृश्य एकाच क्षणी यावेत हा मेयर यांचा नियम नकळत मोडतो. निवेदकाने भरभर बोलून हे सावरत नाही. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस दोन-तीन सेकंदांचे स्थिर चित्र शिल्लक ठेवावे, आकृतीवरची नावे चित्रात कायमची न कोरता निराळ्या थरावर ठेवावीत, आणि संहिता मूळ फितीबरोबर जपून ठेवावी. म्हणजे मराठी निवेदन चढविणाऱ्याला चित्र लांबविता येते, नावे बदलता येतात, आणि सगळा घाट पुन्हा पहिल्यापासून घालावा लागत नाही.